बैल विकला, दावं ठेवलं

पुण्याहून पहिला फोन आला तेव्हा त्या साहेबांनी गेमबद्दल एक अक्षर विचारायच्या आधी विचारलं, "तुम्ही खुद्द यवतमाळचेच का?" नवऱ्याने मोठ्या अभिमानाने हो म्हटलं. पलीकडून 'अच्छा, अच्छा' असं आलं, कोणाच्या घरी दुखवट्याला गेल्यावर दारात चपला काढताना माणूस ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच, आणि पुढे वर्षभर ती गप्प बसली नाही.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. त्या वर्षांत यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या माणसाचा चेहराच बदलायचा. कापूस, भाव, बोंडअळी, आणि त्याच्या पुढचं सगळं रोज टीव्हीवर दिसायचं. नागपूरला एका लग्नात एका बाईंनी माझा हात हातात घेऊन 'कशा हो राहता तुम्ही तिकडे' असं विचारलं होतं. माझ्या दुसऱ्या हातात गुलाबजामाची वाटी होती. मी म्हटलं, बरी राहते, तुम्ही कशा राहता? त्यांना राग आला. दुःख नव्हतं असं मी म्हणत नाही. आमच्या नात्यातल्या घरांतही ते आलं, आणि जिथे आलं तिथे आम्ही जाऊन बसलो, पोळ्या लाटल्या, लेकरं सांभाळली. पण परक्याने त्याच्यावरून आम्हाला जवळ घेतलं की माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं.

आणि आमचा गेम दुःखाचा नव्हताच. तो शंकरपटाचा होता, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीचा.

ते बटणांच्या मोबाइलचे दिवस होते. पडदा काडेपेटीएवढा. नवरा आणि मी एकाच कॉलेजात कॉम्प्युटर शिकलो, लग्न केलं, आणि नोकरीसाठी पुण्याला पळायचं नाही असं ठरवून माझ्या माहेरच्या घरात वरच्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडले. माझे वडील कचेरीत होते. आम्ही दोघं दिवसभर वर बसून नेमकं काय करतो हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दुकानांसाठी बिलाचे प्रोग्राम करायचो, वेबसाइट करायचो, आणि त्यातून वेळ उरला की गेम. प्रोग्राम तो लिहायचा, चित्रं माझी. बैलांची जोडी, मागे छकडा, छकड्यावर उभा धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी. चारचं बटण डावा बैल, सहाचं उजवा. दोन्ही बटणं एका तालात दाबली तर जोडी सरळ धावते. एकाच बैलाला जास्त पळवलं तर छकडा तिरपा होतो आणि गर्दीत घुसतो. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या शेजारणीला एकदा खेळायला दिला तर तिने वांग्याची भाजी करपवली आणि वर आम्हालाच बोलली.

पण त्या गेमचा जीव होता मामाजींच्या आवाजात. मामाजी म्हणजे माझे सासरे. ते केळापूरला राहायचे. जन्मभर त्यांनी हेडीपणा केला, म्हणजे बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून बैलांचा सौदा जुळवायचं काम. तरुणपणी मात्र पटात छकडा हाकायचे, आणि त्यांची हाक ऐकून शेजारच्या पटातले बैलही कान टवकारायचे असं सासूबाई सांगायच्या. आम्ही ती हाक गेमसाठी रेकॉर्ड करायचं ठरवलं आणि त्यांना यवतमाळला बोलावून घेतलं. आवाज घुमू नये म्हणून कपाट उघडून साड्यांच्या मध्ये माइक ठेवला. सुनेसमोर ओरडायचं म्हणून मामाजी लाजले. मला बाहेर काढलं. तरी जमेना. जमिनीवर उभं राहून हाक येतच नाही म्हणाले. शेवटी खाटेवर चढले, गुडघे जरा वाकवले, हातात नसलेला कासरा धरला, आणि मग आली.

"हाऽऽ राजा! चाल माह्या सोन्या, चाल, चाल, चाल!"

मी दाराबाहेर होते. अंगावर काटा आला. खाली माझ्या वडिलांनी पेपर बाजूला ठेवून कोण पडलं म्हणून विचारलं.

त्यानंतर मामाजींनी जे करायला नको होतं ते केलं. केळापूरजवळच्या पांढरकवड्याच्या बैलबाजारात सगळ्यांना सांगून टाकलं की आपला आवाज मोबाइलमध्ये येऊन अख्ख्या हिंदुस्थानात जाणार आहे. हेडी माणूस, त्याला हातचं राखून बोलायची सवय, पण या एका गोष्टीत त्यांनी काहीच राखलं नाही. मग काय, दर बाजाराला लोक विचारू लागले, आला काय आवाज? आणि दर बाजारानंतर मामाजींचा आम्हाला फोन. थेट विचारायचे नाहीत. आधी पाऊस, मग लाइट किती वेळ जाते, मग सासूबाईंचे गुडघे, आणि सगळ्यात शेवटी, "मंग, पुन्याचं काय म्हनते?"

पुण्याचं म्हणजे त्या साहेबांचं. आम्ही गेम बनवणारे आणि त्यांची कंपनी पब्लिशर, म्हणजे बनवणाऱ्यांकडून गेम घ्यायचे आणि मोबाइल कंपन्यांच्या यादीत लावायचे, जिथून लोक ते उतरवून घेतात. मी मामाजींना हे समजावून सांगत होते तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, म्हणजे हेडी. मी म्हटलं, हो, हेडीच. ते गंभीर झाले. हेडी काय काय करतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार!

साहेब बोलायला फार गोड होते. प्रत्येक वाक्यात 'तुमच्या कलाकृतीचा आदर राखून' असं काहीतरी असायचं. इतकं गोड बोलणारा माणूस दिसला की मी पदर सावरून बसते. नवऱ्याचं उलट. त्याला माणूस गोड बोलला की गोडच वाटतो. आम्ही त्यांना पहिल्यांदा पाठवला तो गेमचा नुसता नमुना होता, आवाजाशिवाय. मेलवर तेवढंच जायचं. मामाजींच्या हाकेबद्दल फोनवर सांगितलं होतं. ते 'वा, अस्सल' म्हणाले होते.

करार आला. मी तो ओळ न् ओळ वाचला. एका ठिकाणी लिहिलं होतं की कंपनी आवश्यक ते बदल करू शकेल. आवश्यक कोणाला, हे नव्हतं लिहिलं. मी पेन्सिलीने खूण केली आणि नवऱ्याला दाखवली. त्याने साहेबांना फोन केला. साहेब हसले म्हणे, आणि म्हणाले ते सगळ्याच करारांत असतं, तुमच्या गेमला कोण हात लावतंय! नवऱ्याने सही केली. मी त्याला म्हटलं, हसल्याचं पण लिहून घे.

मग बदल सुरू झाले. आधी बैलांची शिंगं जरा मोठी करा. केली. मग मेनू हिंदीत पण हवा. केला. मग म्हणाले तुमचा दोघांचा फोटो पाठवा, जाहिरातीसाठी, शेतात उभे राहून, मागे कापूस दिसला तर उत्तम. मी म्हटलं आम्हाला शेत नाही, आम्ही भर वस्तीत राहतो, मागे पाण्याची टाकी दिसेल. नवऱ्याने डोळ्यांनी मला गप्प केलं आणि पाहू म्हणाला. मी त्याला विचारलं की आपल्या शर्यतीचा आणि कापसाच्या शेतात उभं राहायचा काय संबंध. तो म्हणाला, जाहिरातवाल्यांना लागतात अशा गोष्टी. मला वाटलं, लागतात खऱ्या, पण का लागतात हे कोणी सांगत नाहीये.

पुढच्या मेलमध्ये ते आलं. गेम सुरू होताना पडद्यावर एक ओळ यावी, शेतकऱ्यांच्या संघर्षाला वंदन करणारी. आणि शर्यतीच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे मी गर्दी काढली होती, तिथे भेगाळलेली जमीन दाखवावी.

मी फोन लावला. त्यांना सांगितलं की पट भरतो थंडीत, तेव्हा जमिनीला भेगा नसतात. आणि पटाला माणसं असतात, हजारो. भज्यांची दुकानं असतात, लेकरं बापाच्या खांद्यावर असतात, म्हातारे एकमेकांशी पैजा लावून भांडत असतात. ज्या वर्षी पीक गेलं त्या वर्षीही केळापूरच्या बाजूला पट भरला आणि माणसं पोट धरून हसली, मी तिथे होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, खेळणाऱ्याला थंडी आहे की उन्हाळा हे कुठे कळणार आहे?"

मी फोन ठेवला. नवऱ्याशी भांडले. त्याचं म्हणणं, बाकी कोणी आपल्या मेलला उत्तर तरी दिलं का? हा एकच माणूस आपला गेम घेतो आहे. माझं म्हणणं, तो गेम घेत नाहीये, तो जिल्हा घेतोय. आम्ही दोघंही बरोबर होतो, त्यामुळे भांडण लवकर मिटलं नाही.

त्याच सुमारास मामाजी यवतमाळला आले. निमित्त डोळे दाखवायचं, खरं कारण आवाज. जेवताना आम्ही त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला.

"बैल त्याच्या दारात गेला काय?"

नवरा म्हणाला, अर्धा गेला. नमुना गेला, सही गेली, पूर्ण गेम द्यायचा आहे.

"मंग दावं कोनापाशी हाय?"

आमच्याकडे बैल विकला तरी दावं देत नाहीत. सौदा झाला, पैसे हातात आले, की विकणारा बैलाच्या गळ्यातलं आपलं दावं सोडतो आणि स्वतःच्या खांद्यावर टाकून घरी येतो. दाव्याबरोबर गोठ्यातली लक्ष्मी जाते म्हणतात. मामाजींनी शेकडो बैल इकडचे तिकडे केले, पण स्वतःचा बैल विकला तेव्हा दावं कोणाला दिलं नाही. केळापूरच्या घरात मागच्या दाराजवळ खुंटीला तशी पाच-सहा दावी टांगलेली होती, त्यातल्या बैलांची नावं त्यांना अजून येत होती.

"मी तं दावं कोनाले देल्लं नाई आजवर," मामाजी म्हणाले. "तुमी पन ठेवा काई आपल्यापाशी."

ते ऐकून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दावं म्हणजे आवाज! साहेबांना पूर्ण गेम द्यायचा, पण मामाजींची हाक काढून घ्यायची. तिच्या जागी नुसती टुक-टुक ठेवायची. आणि कळवायचं की गेममध्ये काहीही बदलणार नाही असं लिहून द्या, मग आवाज पाठवतो. आवाजाशिवाय त्या शर्यतीत काही राम नव्हता, त्यामुळे ते झक मारत येतील. नवरा कुरकुरला, पण बापानेच म्हटल्यावर काय करतो! मामाजी खूश झाले. मीही इतकी खूश झाले की त्या आठवड्यात चहासुद्धा ऐटीत प्यायले.

गेम तसा पाठवला. साहेबांचं उत्तर आलं, नेहमीसारखं गोड. तुमची भावना समजू शकतो, असं. त्यानंतर काहीच नाही. मी नवऱ्याला सांगितलं, गरज त्यांना आहे, बस शांत. मामाजींना सांगितलं, येतील. मामाजींनी बाजारात सांगितलं, येऊन राह्यला. आणि दर दोन दिवसांनी मी मेल उघडून पाहायचे, लिहून दिलेलं आलं का म्हणून, आणि ते आलेलं नसलं की साहेबांच्या त्या दोन ओळी पुन्हा वाचायचे, त्यात काही दडलंय का ते बघायला. समजू शकतो म्हणजे नेमकं काय समजलं? समजलं म्हणून करणार, की समजलं तरी करणार नाही? नवरा म्हणायचा, तू मेल वाचून राह्यली की बैलाचे दात पाहून राह्यली?

एक दिवस नागपूरहून माझ्या मावसभावाचा फोन. अगं, तुमचा गेम लागला यादीत, मी उतरवून पण घेतला.

आम्ही उतरवून घेतला. आमच्याच गेमसाठी आम्ही रांगेत. पडद्यावर आधी आली ती भेगाळलेली जमीन. तिच्यावर ओळ, विदर्भाच्या बळीराजाला समर्पित. खाली बारीक अक्षरांत, यवतमाळच्या तरुण दांपत्याची निर्मिती. मग शर्यत सुरू झाली. माणसं गेली होती. भज्यांची गाडी गेली होती. आणि टुक-टुकच्या जागी बासरी लागली. रडकी बासरी, टीव्हीवर आमच्या जिल्ह्याची बातमी लागली की मागे लावतात तशी. त्या बासरीवर माझे दोन बैल जिवाच्या आकांताने धावत होते, आणि आजूबाजूला बघायला कोणी नव्हतं.

मी रडले. संतापाने रडले, पण रडले.

मग फोन लावला. साहेबांनी लगेच उचलला, याचंही मला तेव्हा आश्चर्य वाटलं. मी विचारलं, आवाज कुठे आहे?

"तुम्ही दिलाच नाहीत, मॅडम. रिकामं ठेवता येईना. मग आम्ही आमचा घातला."

ते चिडलेले नव्हते. ते सांगत होते तशीच गोष्ट होती. मला पुढे काय बोलावं सुचेना, आणि सुचलं नाही की माझ्या तोंडून खरं ते बाहेर पडतं. मी विचारलं, "आम्ही नाशिकचे असतो तर हा गेम घेतला असता का तुम्ही?"

 ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात गोडवा नव्हता, "खरं सांगू? तुमचा मेल उघडलासुद्धा नसता. ढिगाने येतात. यवतमाळ दिसलं म्हणून उघडला. उघडल्यावर गेम आवडला, हेही खरं आहे."

पहिला अर्धा भाग मी जागच्या जागी मानला. दुसऱ्या अर्ध्यावर मी आजवर विचार करते आहे. कधी वाटतं खरंच आवडला असेल, कधी वाटतं जाता जाता हातावर ठेवलेला गूळ होता तो.

मामाजींना सांगायला आम्ही केळापूरला गेलो. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. नवऱ्याने मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी धरला, पूर्ण शर्यतभर. शर्यत संपली तरी धरून होते. बासरीनंतर आपण येऊ असं त्यांना वाटत असावं.

"हे काय?" ते शेवटी म्हणाले. "कोनाची मयत हाय काय?"

मग नवऱ्याने साहेब काय म्हणाले ते सांगितलं. आम्ही दिला नाही, म्हणून त्यांनी त्यांचा घातला. मामाजी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांची नजर मागच्या दाराच्या खुंटीकडे गेली. माझीही गेली. त्याच क्षणी आम्हाला दोघांनाही कळलं. बाजारात घेणारा माणूस येतो तोच मुळी स्वतःचं दावं खांद्यावर टाकून. विकणाऱ्याने आपलं सोडलं की तो आपलं बांधतो आणि बैल घेऊन चालू लागतो. दावं ठेवून घेतलं म्हणून बैल थांबल्याचं आजवर कोणी पाहिलेलं नाही. मामाजींनी हे जन्मभर पाहिलं होतं. नवऱ्याने लहानपणापासून पाहिलं होतं. मी सून म्हणून आल्यावर पाहिलं होतं. आणि तिघांपैकी एकालाही ते आठवलं नाही, कारण पुण्याच्या माणसाकडे दावं कुठून असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

"मले वाटलं, त्याच्यापाशी नसन," मामाजी म्हणाले. एवढंच.

त्यानंतर ते पुढच्या बाजाराला गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सासूबाईंनी फोनवर सांगितलं की पाय दुखतात म्हणून घरीच बसतात, आणि पाय तर अंगणात मस्त चालतात. लोक विचारतील, आला काय आवाज, म्हणून तो माणूस बाजाराला जात नव्हता. बाजाराशिवाय हेडी म्हणजे काय! मला साहेबांचा राग होताच, आता स्वतःच्या हुशारीचाही येऊ लागला.

मग काही दिवसांनी पुण्याहून फोन आला. साहेब. पण आवाज वेगळा, सावध, प्रत्येक शब्द तोलून मापून. तुमच्या भागात गेमची दुसरीच प्रत फिरते आहे असं आमच्या कानावर आलंय. फुकट. ब्लूटूथवरून. तिच्यात बासरी नाही, कोणी माणूस ओरडतो. ती तुमच्याकडून गेली का? मी भडकले. म्हटलं, आम्हाला काय चोर समजता? आमचा शब्द म्हणजे शब्द आहे, तुमच्यासारखं नाही. ते 'बरं' म्हणाले, पण असं म्हणाले की एकही अक्षर पटलेलं नाही हे मला कळावं. ते 'बरं' मी ओळखलं. वर्षभर मी त्यांना तसंच 'बरं' म्हणत आले होते.

फोन ठेवून मी वळले. नवरा पंख्याकडे पाहत होता. पंखा बंद होता.

"काय केलंस?" मी विचारलं.

त्याने फक्त बापाला ऐकायला मिळावं म्हणून आमची मूळची प्रत, गर्दीची, भज्यांची, हाकेची, मामाजींच्या मोबाइलमध्ये टाकून दिली होती. मला सांगितलं नाही, कारण मी कराराचं कलम वाचून दाखवलं असतं. ते मात्र खरं, मी दाखवलं असतं. मामाजी मोबाइल खिशात घालून त्याच आठवड्यात पांढरकवड्याच्या बाजारात गेले. पुढचं त्यांनी केलंच नाही. ब्लूटूथ म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. लोकांनी मोबाइल मागितला, त्यांनी दिला, लोकांनी परत दिला. आपल्या मोबाइलमधून काही गेलं असं त्यांना वाटलंच नाही, कारण त्यांच्याकडे ते जसंच्या तसं होतं.

साहेबांनी आम्हाला दुसरा गेम कधी मागितला नाही. आम्हीही दाखवला नाही. त्यांचा बासरीवाला गेम काही दिवसांनी यादीतून गेला. कोणी खेळलं की नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी कुठे विश्वास ठेवणार होते.

त्याला बराच काळ लोटला. एका दुकानाच्या बिलाचा प्रोग्राम बसवायला मी एकटीच उमरखेडला गेले होते. परतीची एसटी लागायची होती. बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते, चाळिशीचे, मांडीवर पिशवी, हातात बटणांचा जुना मोबाइल. आणि त्या मोबाइलमधून आलं, हाऽऽ राजा! चाल माह्या सोन्या!

सुरुवातीला मला काय वाटलं ते सांगते, लाज वाटली तरी. वाटलं, याला कोणी दिलं? याने कुठून चोरलं?

मी विचारलं, भाऊ, हा गेम कुठून घेतला तुम्ही? त्यांनी मोबाइल एकदम पिशवीआड केला. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझी लॅपटॉपची बॅग पाहिली.

"तुमी कायले विचारून राह्यल्या? कंपनीच्या आहा काय?"

मी म्हटलं, नाही हो, कंपनीची नाही. तो आवाज ओळखीचा वाटला म्हणून विचारलं. तेव्हा ते जरा सैल झाले. म्हणाले, तुम्हाला कुठून ओळखीचा असणार, हा मुकुटबनचा धुरकरी आहे, फार जुना, आमच्या मेहुण्याने त्याला पटात पाहिलंय. मी म्हटलं, मुकुटबनचा नाही, केळापूरचा आहे. ते म्हणाले, मुकुटबनचाच. मी म्हटलं, अहो, माझे सासरे आहेत ते, खाटेवर उभे राहून ओरडले होते, मी दाराबाहेर होते! बसस्टँडवरची माणसं आमच्याकडे पाहायला लागली. त्या गृहस्थांनी शांतपणे मोबाइल खिशात घातला आणि पिशवी उचलली.

"सारेच असं म्हनतेत," ते म्हणाले, आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

मी तिथूनच मामाजींना फोन लावला. सगळं सांगितलं. उमरखेडपर्यंत पोचला तुमचा आवाज, पण तिथला माणूस म्हणतो मुकुटबनचा.  

"तू भांडली काय त्याच्यासंग?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो, चांगली भांडले, सगळ्या स्टँडने ऐकलं.

"बरं केलं," मामाजी म्हणाले.